न उघडलेल्या दोन डब्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पापडीच्या चर्चमध्ये फादरांपुढे गुडघे टेकून बाकी सगळं सांगितलं — राग, थापा, जावेचा हेवा — हे नाही. आणि माझ्यासाठी हळहळू नका हं. मला ते चालत नाही.

घरोघरी मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. वसईतल्या एका लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. गोपाल नेपाळचा, कामणला गोदामावर वॉचमन. दोन्ही किडन्या गेलेल्या. बायको आपली एक देणार होती. मुंबईच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती — बाहेरून आलेला माणूस आहे, तीन दिवस संडास तपासा. पोटात जंत राहिले तर नव्या किडनीसाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनंतर तेच जीव घेतील. मी ती वाचली होती. नीट वाचली होती.

तो पहिल्या बसने यायचा, फोटोच्या रोलच्या डबीत नमुना घेऊन. ताजाच हवा असं सांगितलेलं ना! पहिल्या दिवशी मी बघितलं — काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी? डबी उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पहिल्यात नाही तर कशातच नाही, अशी आमच्याकडे पद्धतच होती — पण तिच्याआड मी लपणार नाही. कामाचा ताण? कसला डोंबलाचा ताण! चहा पीत बसले होते. किळस आली होती मला, आणि ती संडासाची नव्हती. गाववाल्यांच्या डब्या उघडायचेच की. ही किळस ‘ह्या लोकांची’ होती. दोन्ही डब्या कचऱ्यात, आणि कागदावर — तिन्ही दिवस, जंत नाहीत.

ऑपरेशन छान झालं. तो स्वतः पेढे घेऊन आला. मी दोन खाल्ले.

दोन महिन्यांत गेला. जंत फुप्फुसापर्यंत पोचले होते. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, तिन्ही नमुने बघितले होते ना? मी हो म्हटलं.

मग त्याची बायको आली. रिपोर्ट चांगला होता म्हणजे जंत हिच्याच खराब किडनीतून आले, असं सासरचे म्हणत होते. तिला माझ्याच तोंडून ऐकायचं होतं.

“दीदी, उसमें कुछ नहीं था ना?”

त्या डब्यांत कदाचित खरंच काही नसेल. हे ‘कदाचित’ मला नको. तेव्हा खरं सांगता आलं असतं — समोर उभी होती ती.

“कुछ नहीं था,” मी म्हटलं.

पदराखाली कुशीवरच्या टाक्यांच्या व्रणावर हात ठेवून ती नुसती “अच्छा” म्हणाली. मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.