उपासमावशीचं उद्यापन

सोलापुरात मे महिन्यात स्वेटर घालणारी एकच बाई मी पाहिली, ती माझी मावशी. बाहेर डांबर वितळतंय, कुत्री सावलीसाठी उभ्या रिक्षांखाली शिरलीत, आणि ही आपली मरून स्वेटरची सगळी बटणं लावून ओट्यापाशी उभी! "मावशी, त्रेचाळीस डिग्री आहे गं," म्हटलं तर म्हणायची, "असू दे की. मला गार वाजतंय." आणि लगेच पुढचं, ठरलेलं वाक्य, "तू काय खाणार ते सांग आधी."

गल्लीत तिला नावानं कुणी ओळखत नसे. ती उपासमावशी. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. शिवाय दोन एकादश्या, संकष्टी आणि प्रदोष. आणि उपास म्हणजे तुमच्याआमच्यासारखा नव्हे, की सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर-आमटी, चहाबरोबर बटाट्याचे वेफर आणि झोपताना देवाला बरं वाटावं म्हणून राजगिऱ्याचा एक लाडू. कडक उपास. दोन कप बिनसाखरेचा चहा आणि संध्याकाळी देवापुढच्या केळ्याचा एक तुकडा. उरला बुधवार. बुधवारी तिला पित्त व्हायचं.

एवढं होऊन आख्ख्या गल्लीत एकालाही शंका आली नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. उलट नवी सून आली की तिला आधी मावशीच्या पाया पडायला धाडत. माझी आई तर सख्ख्या धाकट्या बहिणीचं नाव घेऊन माझ्यावर तोफ डागायची. "बघ तिच्याकडं. जिभेवर ताबा असावा तर असा. नाहीतर तू! देवळात गेलीस तरी डोळे नैवेद्यावर." डोळे नैवेद्यावर असायचे, ते मी नाकारत नाही.

आता गंमत ऐका. ही न खाणारी बाई दिवसभर स्वयंपाकघरातच असायची. शेंगापोळ्या करायची, धपाटी थापायची, गव्हाच्या खिरीसारखी हुग्गी ढवळायची. मंद्रूपच्या माहेरची शेंगाची चटणी उखळात कुटायची, मिक्सरला हात लावू द्यायची नाही. दुपारी सगळे झोपले की मोबाइलवर पाककृतींचे व्हिडिओ बघायची, एकामागून एक, भक्तिभावानं. आणि आपण जेवायला बसलो की समोर पाट ओढून बसायची. "कशी झालीय?" "छान." "छान काय छान? नीट सांग की. आधी काय लागतंय जिभेला? तिखट मागनं येतंय का? दाणा कुरकुरीत हाय का मऊ पडला?" मग मी तोंडात घास धरून वर्णन करायची, आणि ती ओठ मिटून ऐकायची. मधेच तिचा घसा हलायचा. मला वाटायचं, काय कौतुक आहे माझं!

मी तिच्याकडे का जायची तेही सांगून टाकते. मला आनंद झाला तरी खावंसं वाटतं आणि दुःख झालं तर जास्त. बाबा ओरडले की बिस्किटाचा पुडा, परीक्षा बिघडली की भज्यांची प्लेट. हे सगळं चारचौघांत नाही. बाथरूममध्ये, नळ सोडून, कागदाचा आवाज येऊ नये म्हणून. खाताना चव कळत नसे. संपल्यावर मात्र सगळं कळायचं आणि मग स्वतःची इतकी लाज वाटायची की तिच्यावर उपाय म्हणून आणखी एक पुडा. पुढे लग्नासाठी बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. पाहुणे पोहे खाऊन जात आणि दोन दिवसांनी निरोप येई, मुलगी जरा अंगानं भरलेली आहे. आमच्याकडचे पोहे हाणून त्यांनी हा निरोप द्यावा! असा निरोप आला की मी स्कूटी काढून थेट मावशीच्या दारात. ती कारण विचारत नसे. कढई चढवायची. "कमी खा" हे शब्द जिच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत अशी जगात ती एकच बाई होती, आणि त्यासाठी माझा तिच्यावर जीव होता. मी खायची, ती बघायची. दोघी मिळून आम्ही कसंबसं एक धड माणूस होतो.

दिसत नव्हतं असं नाही. तिच्या पाटल्या कोपरापर्यंत सरकायच्या म्हणून तिनं त्यांना आतून दोरा गुंडाळला होता. ब्लाउजना जागोजागी पिना. केस इतके गळायचे की आंबाडा लिंबाएवढा झाला होता. काका म्हणायचे, "तेज बघ चेहऱ्यावर. उपासाचं तेज आहे ते." काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सज्जन गृहस्थ. तीस वर्षांत त्यांनी बायकोच्या ताटात काय आहे ते एकदाही पाहिलं नव्हतं. कारण त्यांचं ताट ती आधी वाढायची.

मग एका शनिवारी मारुतीच्या देवळात, सकाळच्या आरतीला, मावशी उभ्या उभ्या थरथरली आणि कोसळली. अशा वेळी लोक काय करतात? पाणी मारतात, वारा घालतात, डॉक्टरला बोलावतात. तिच्या गल्लीनं काय केलं? कुणीतरी म्हणालं, "अंगात आलंय!" झालं. तिला भिंतीला टेकवून बसवलं, कपाळभर कुंकू फासलं, मळवटच भरला म्हणा, आणि बायका रांगेनं पाया पडायला लागल्या. मी आईला सोडायला गेले होते, चपला काढून आत जाते तर हा देखावा. एक बाई तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारत होती, "आई, आमच्या पोराला नोकरी कधी लागंल?" मावशीचे ओठ निळे पडले होते. मान एका बाजूला कलंडलेली. मी जी बोंब ठोकली ती चौकापर्यंत गेली असेल. "बाजूला व्हा गं बयांनो! मरतीय ती!" मी तिला उचलली. माझ्यासारखी, दोन जिने चढून धापा टाकणारी बाई, आणि मी तिला पोरासारखी कडेवर उचलून रिक्षात घातली. तेव्हा, तिचं वजन माझ्या हातावर आलं तेव्हा, मला पहिल्यांदा भीती वाटली. त्या स्वेटरच्या आत जवळजवळ कुणी नव्हतंच.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी सलाईन लावलं, नाडी पाहिली, ईसीजीची पट्टी काढून हृदयाची रेघ पाहिली आणि विचारलं, "शेवटचं पोटभर कधी जेवल्या होत्या?" काका अभिमानानं म्हणाले, "तिचे उपास असतात. कडक." "सोडतात कधी?" काका माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "उपास सुटतो, काका. हा सुटलेलाच नाही. हा आजार आहे. शरीर आधी चरबी खातं, मग स्नायू खातं, आता हृदयाची पाळी आहे. असंच चाललं तर एक दिवस ते थांबेल." त्यांनी मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. काका चिडले, "वेडी नाही माझी बायको!" मी म्हटलं, "वेडी नाही ती, काका. वेडे आपण. ती मरतीय आणि आपण तिच्या पाया पडतोय."

पण खरी गाठ मावशीशी होती. शुद्धीवर आली तीच म्हणाली, "आज शनिवार ना गं? मग मला कुणी काही दिलं तर न्हाई ना?" सलाईनमधून साखर गेल्याचं कळल्यावर रडली. हातापाया पडून झालं, रागावून झालं, शपथा घालून झाल्या. तिचं एकच, "घेतलेलं व्रत असं मधेच टाकता येत न्हाई. देवाला काय सांगू?" मी तीन दिवस डोकं आपटत होते. चौथ्या दिवशी आंघोळ करताना डोक्यात प्रकाश पडला. व्रत टाकता येत नाही, पण संपवता येतं की! उद्यापन करायचं. जोडपी जेवू घालायची, वाण द्यायचं, व्रत पूर्ण झालं म्हणून देवाला नमस्कार करायचा. सोमवारचं उद्यापन असतं, संकष्टीचं असतं, सगळ्यांचं असतं. फक्त मावशीनं तीस वर्षांत एकाचंही केलं नव्हतं.

मी गुरुजींकडे गेले. "सगळ्या व्रतांचं एकदम उद्यापन करायचंय. रविवारी." गुरुजी दचकले. "एकदम म्हणजे? प्रत्येकाची देवता वेगळी, विधी वेगळा. असं एकगठ्ठा शास्त्रात नाही." मी म्हटलं, "बाई उपाशी मेली तर शास्त्रात काय आहे ते बघून ठेवा, तेरा दिवस तुम्हालाच यावं लागेल." माझं तोंड असं आहे, काय करणार. गुरुजींनी मला बसवलं, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "करू. मी सांगतो त्यांना." त्या रविवारी त्यांनी पूजा सांगितली, दवाखान्यातून घरी आणलेल्या मावशीच्या हातून पाणी सोडवलं आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, देवांना पोहोचलं. सगळ्यांना पोहोचलं. आता ते पुरे म्हणतात." ते वाक्य कुठल्याही पोथीत नसणार. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

जोडपी जेवून उठली. मग मावशीचं ताट वाढलं. वरण, भात, लिंबाची फोड, पुरणपोळी. ती पाटावर बसली, ताटाकडे बघत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आता उद्या मी कुठल्या देवाचं नाव सांगू गं?" आणि हमसून हमसून रडली. मला वाटलं होतं मी तिची सुटका केली. मी तिचं पांघरूण ओढून घेतलं होतं. मला इतकं वाईट वाटलं की समोरच्या पुरणपोळीवर माझाच हात गेला, खरं सांगते. तो मी मागे घेतला. तिनं वरणभाताचा बोराएवढा घास केला आणि तोंडात ठेवला. तो गिळायला तिला किती वेळ लागला, ते मी मोजलं नाही. मी तिचा दुसरा हात धरून बसले होते.

बरी झाली बरी झाली म्हणून पेढे वाटावेत असं मुळीच झालं नाही. पुढची दोन-तीन वर्षं म्हणजे नुसती मारामारी. औषधं, दर आठवड्याला समुपदेशनाच्या बाई, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खाणं. मावशी पक्की चोर. पोळीचे तुकडे स्वेटरच्या खिशात, दूध तुळशीला. तुळस मेली तेव्हा आम्हाला कळलं. त्या समुपदेशनाच्या बाईंनी माझीही गचांडी धरली. म्हणाल्या, "तुम्ही तिच्या वाटचं खाता आणि ती तुमच्याकडून खाऊन घेते. हे बंद." मग नियम झाला. दोघींची ताटं सारखी. तिनं ढकलायचं नाही, मी मागायचं नाही. आणि पहिल्या घासाआधी दिवसभरात काय सललं ते बोलायचं.

त्या बोलण्यात एकदा तिनं सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हा ती गुबगुबीत होती. नवऱ्याकडचे हसले, पण ते काही मोठं नव्हे, म्हणाली. "साडी सासूबाई ठरवायच्या, भाजी सासरे ठरवायचे, माहेरी कधी जायचं ते हे ठरवायचे. मग एकदा सोमवार धरला. जेव म्हणून कुणी म्हणंना. उलट वा वा. तवा कळलं, या घरात माझ्या मनावर एवढंच हाय. न खाणं." काका दारात उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिचं ताट वाढायला सुरुवात केली. वाढायचे अगदी वाईट, आमटी भातावर आणि भाजी आमटीत. पण वाढायचे.

मावशीला जाऊन आता दोन वर्षं झाली. हृदय फार दिवस तग धरणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तसं एका सकाळी ते थांबलं. तेराव्याला जमलेल्या बायका डोळे पुसत म्हणाल्या, "काय ते उपास! अशी बाई होणे नाही." माझं डोकंच फिरलं. "उपासाचं नाव काढू नका," मी म्हटलं, "मी तिला खाताना बघितलंय." त्यांना काही कळलं नाही. आई मला आत घेऊन गेली.

काय बघितलं ते इथे सांगते. जाण्याच्या वर्षभर आधीची दुपार. माझं ठरलेलं लग्न त्याच दिवशी मोडलं होतं. मुलानं फोनवर जे ऐकवलं ते घेऊन मी मावशीकडे आले होते आणि नियमाप्रमाणे, काही न खाता, आधी बोलत होते. रडत होते, नाक पुसत होते, तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, सगळं पहिल्यापासून. ऐन मधे मावशीनं हात वर केला. "थांब जरा. मला भूक लागलीय."

मला राग आला. माझं आयुष्य बुडतंय आणि हिला! ती उठली, डब्यातली सकाळची भाकरी काढली, चटणीवर तेलाची धार धरली आणि ओट्याशी उभ्या उभ्याच खायला लागली. भराभर, बोटं चाटत, पदराला तेल लागलं तरी भान नाही. कशी झालीय ते तिनं विचारलं नाही. तू खाणार का, तेही विचारलं नाही. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले, रडायचं विसरून. तीस वर्षांत त्या घरात भुकेचं ते वाक्य तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

भाकरी संपली. तिनं हात धुतले, तोंड पुसलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"हां, बोल आता," म्हणाली. "काय म्हणाला तो मेला?"