मामीच्या गालिच्यांना पाय लावू नये

अंगावर घातलेल्या कपड्यांचीही धास्ती वाटावी असं बडोद्यात एकच घर आहे, गोत्रीतलं माझ्या मामीचं. मामी चिंध्यांचे गालिचे करते. कापड फाडून पट्ट्या, पट्ट्यांच्या वेण्या आणि त्या वेण्या गोल फिरवून टाचल्या की झाला गालिचा. त्यासाठी तिला सदैव कापड लागतं आणि ते कुणाचं आहे हा प्रश्न तिला गौण वाटतो. तिच्याकडे वाळत घातलेला माझा लग्नातला कुर्ता मला पुढच्या दिवाळीत तिच्या भिंतीवर भेटला. मी हादरलो. "रंग तुझ्यावर वाया जात होता," ती शांतपणे म्हणाली.

ही कला आहे, पायपुसणं नव्हे, हे तिने अख्ख्या सोसायटीला बजावलंय. जमिनीवर गालिचा असेल तर वळसा घालून जायचं. शेजारच्या हंसाबेन एकदा कौतुकाने म्हणाल्या, "बेन, पगलूछणियुं बहु सरस छे." पायपुसणं म्हटल्याबद्दल मामीने त्यांना महिनाभर अंगणातला कढीलिंब दिला नाही. एका प्रदर्शनात कुणाचा तरी बूट गालिच्याच्या कडेला लागला, तर तिने त्याला वाकून गालिच्याला नमस्कार करायला लावला. तो गृहस्थ उद्घाटनाला आलेला प्रमुख पाहुणा होता.

मामा गेले. त्यांचा एक तरी सदरा मागून घ्यायचा असं ठरवून मी तेराव्याला गेलो, तर कपाट रिकामं आणि आतल्या खोलीतून टर्र टर्र आवाज. मामी मामांचा निळा सदरा फाडत होती. इतका राग आला की मी चहा न घेताच निघालो.

यंदाच्या प्रदर्शनात मामांच्या कपड्यांचा तो गालिचा खाली अंथरला होता. मामी म्हणाली, "चपला काढ अन् चाल ने यावर."

मी गार पडलो. जन्मात पहिल्यांदा ती गालिच्यावर पाय द्यायला सांगत होती, आणि तेही या गालिच्यावर.

"मामी, मामांना पाय कसा लावू?"

"लहानपणी लावायचास की. ऑफिसातून आले की पालथे पडून तुलाच हाक मारायचे, पाठ तुडव म्हणून. तू मोठा झालास, माझे गुडघे गेले. मग कुणी तुडवलीच नाही रे त्यांची पाठ."

मी चपला काढल्या. मधोमध निळ्या पट्ट्या होत्या, तिथे पाय ठेवला. लहानपणी तोल जाऊ नये म्हणून मी खिडकीचा गज धरायचो. इथे खिडकी नव्हती. मामीने हात पुढे केला.