माझ्या ताटातली भाकरी

मैत्रिणींनो, आत्ताच शहागडहून अंबडला घरी आले आणि राग अजून उतरलेला नाही.

तुम्हाला माहीतच आहे, दिवाळीपासून माझं वजन एका जागी अडलंय. पहाटेचं चालणं चालू, गोड आणि तळलेलं बंद, तरी काटा हलत नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं, सोडू नका.

आज नणंदेच्या मुलाचं जावळ होतं. भर पंगतीत नवऱ्याच्या आत्यांनी माझ्या ताटातली भाकरीच उचलली. "चोरून खात असल ही! त्याबिगर वजन अडतं का?"

सगळे हसले. माझा नवराही हसला.

मी म्हणाले, "आत्या, भाकरी ठेवा. मी सगळ्यांसमोर जेवते, चोरून न्हाई." मंग नवऱ्याकडं वळले. "अन् तुम्ही? घरी रोज माझं ताट बघून राह्यले ना? मंग हसले कशाला?"

आत्यांनी भाकरी परत ठेवली. मी ती सावकाश, पूर्ण खाल्ली.

एसटीत हे म्हणाले, "चुकलं माझं. पण चारचौघांत बोलायचं होतं का?"

म्हणजे चारचौघांत हसलेलं चालतं!

उपाय सांगू नका, ते करतेच आहे. एवढंच सांगा, तुमचं वजन अडलं तेव्हा घरातलं कोण तुमच्या बाजूनं बोललं?