फुईने सांगितलेलं स्पेलिंग

इथे लोक भुताखेताचं लिहितात ते मी भाकरी खाता खाता वाचते आणि हसते. माझा विश्वास नाही... तेव्हा नव्हता, आजही नाही. तरी लिहितेय, कारण जे झालं ते भर दुपारी, साक्षीदारासमोर झालं. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं म्हणावं.

मी सातवीत शाळा सोडली. लग्न झालं, पारोळ्याकडचं गाव सुटलं आणि सुरतला बमरोलीत आले. मिस्टर पांडेसऱ्यात डाइंग मिलमध्ये आहेत. मी घरी जुन्या कॉम्प्युटरवर पंचिंग करते — म्हणजे मशीन साडीवर भरतकाम करायच्या आधी ती डिझाइन स्क्रीनवर टाका-टाका मांडावी लागते, ते काम. शेजारच्या ज्योत्स्नाबेननी मला माउस धरण्यापासून सगळं फुकट शिकवलं. त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

मागच्या वर्षी माझ्या दोन डिझाइनी दुसऱ्याच्याच नावाने बाजारात दिसल्या. कोणीतरी माझ्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावून नेल्या होत्या. पासवर्ड काय, तर मुलीचं नाव आणि 123! ज्योत्स्नाबेन म्हणाल्या, "नाम-बाम नहीं. लांबुं वाक्य राख, कोईने न आवडे एवुं." गुजरातीत आवडणं म्हणजे येणं. नवी नवी होते तेव्हा ऐकलं असतं, तर कोणालाच न आवडणारं वाक्य शोधत बसले असते.

मग मी अख्ख्या ड्राइव्हला कुलूप लावलं. पासवर्ड ठेवला आमच्या अहिराणीतलं एक वाक्य — इंग्रजी अक्षरांत, मध्ये एक आकडा. मिस्टर हसले, "घरमा कोन चोर शे वो?"

मी म्हटलं, "तुम्ही हसा. माझ्या डिझाइनी आहेत."

दुसऱ्याच दिवशी सकाळी लाइट गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला. परत चालू केला तर पासवर्ड मागायला लागला. वाक्य तोंडपाठ होतं... पण अहिराणीला इंग्रजीत स्पेलिंग कुठे आहे? साधं "मन्हं" लिहायचं तर एन एक की दोन? एच मध्ये की शेवटी? वहीत लिहून लिहून मी चाळीसेक प्रकार टाकले. एकही लागला नाही. पासवर्ड विसरला तर म्हणून कुलूप लावताना कॉम्प्युटरने एक लांबलचक नंबर दिला होता. तोही मी जपून ठेवलेला — त्याच ड्राइव्हमध्ये. हसा आता.

तीन वर्षांच्या सगळ्या डिझाइनी आत. दुसरीकडे कॉपी नाही. मिस्टरांना फोन करायची पण हिंमत झाली नाही.

दुपारी रिपेअरवाला आला. तासभर खटपट करून म्हणाला, "बेन, फॉरमेट मारना पड़ेगा. सब जाएगा."

"हाथ मत लगाना," मी म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. गावाहून फुई — माझ्या वडिलांची बहीण. सत्तरी ओलांडलेली, कधी शाळेत गेली नाही, आजही अंगठा लावते. घरात एकटीच. माझ्या भानगडीचं तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

"पोरी, कागद शे का? लिखी ले."

"काय लिहू? फुई, मी गडबडीत आहे गं."

"सकायपाईन मन्हा कानमा चालू शे. तुनं नाव, आन मंग हाई. तुले सांगं म्हंजे मी मोकळी." आणि सकाळपासून कानात घुमणारं ती एकेक अक्षर सांगायला लागली, "यम... ये... यन..."

मी लिहीत गेले. फुई ए-बी-सी-डी सांगत होती! मध्येच "तीन" म्हणाली. माझ्या पासवर्डात तीनच होता. एका ठिकाणी म्हणाली, "झेड."

"फुई, तिथे ए असेल. झेड नाही."

"झेडच म्हने."

"कोण म्हणे?"

"माले काय माहीत! बाई शे का मानूस, तेबी समजत नही."

मी माझंच खरं धरलं, ए टाकला. नाही उघडलं. मग झेड टाकला... आणि उघडलं. ए आणि झेड कीबोर्डवर वर-खाली असतात. ठेवताना माझं बोट घसरलं होतं, आणि खात्रीसाठी परत टाकतानाही तसंच घसरलं असणार, नाहीतर त्याने घेतलाच नसता. म्हणजे तो झेड मलासुद्धा माहीत नव्हता!

रिपेअरवाल्याने विचारलं, "कौन थी?"

"फुई."

"कम्प्यूटर लाइन में है?"

"खेत में."

मिस्टर म्हणतात, झोपेत बडबडली असशील. बडबडले असेन तरी झेड कसा बडबडेन? आणि सुरतेतलं फुईला गावात कसं ऐकू जाईल? गल्लीतली एक बाई म्हणते, भगताला दाखव. मी साफ नाही म्हटलं. माझं काही गेलेलं नाही, मग दाखवू काय? मी फुईला दोनदा खोदून विचारलं. ती एवढंच म्हणते, "सांगं आन कानमाईन निंघी गयं." आता तिला एक अक्षर आठवत नाही.

त्याच दिवशी सगळ्या डिझाइनींची कॉपी वेगळ्या ड्राइव्हवर घेतली आणि ती ज्योत्स्नाबेनच्या कपाटात ठेवली. पासवर्ड बदलला. सगळे म्हणाले, आता तरी सोपा ठेव. नाही ठेवला. नवा पण अहिराणीतच आहे, आणि आधीच्यापेक्षा लांब. या वेळी अक्षर-अक्षर बघून टाकला, ओठ घट्ट मिटून... मग स्वतःचंच हसू आलं. मागच्या वेळी तरी मी तोंडाने कुठे काय बोलले होते?