टाचेतली जाळी

प्लास्टिकच्या खुर्चीवर बसण्याआधी तो ती उलटी करायचा. चारही पाय न्याहाळायचा, एकाच्या मुळाशी बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "इथून जाणार." मग ती सरळ करून दिवसभर त्याच खुर्चीवर बसायचा. असा एखादा तुमच्याही ऑफिसात असेल. आमच्या गोरेगावच्या गाळ्यात हा होता.

मी चौथी शिकलेला, वस्तू दाबून बघायच्या प्रेसवर जन्म गेला. तो मोठा इंजिनियर, बोरीवलीचा. आमच्याकडे एक मशीन आहे, ते प्लास्टिकची पूड थरावर थर वितळवून वस्तू उभी करतं. आतून भरीव नाही, बारीक काड्यांची जाळी. ती किती भार घेईल हे तो आधी कॉम्प्युटरवर बघायचा. भार वाढला की पडद्यावरच्या काड्या निळ्याच्या पिवळ्या, पिवळ्याच्या लाल व्हायच्या. दिवसभर हा माणूस जाळ्या चिरडायचा, आणि टेबलावर कचऱ्याचा कण नाही. याला काम म्हणायचं, असं मालकाचं मत होतं.

खरोखरची चिरडायला मी. प्रेसमध्ये ठेवली की जाळी नेमकी भलतीकडे तुटायची. पडद्यावरची काडी सरळसोट, मशीनमधून निघालेली जरा वाकडी, जरा खरबरीत. मी हाक मारायचो. तो यायचा, तुकडे बघायचा आणि शांतपणे म्हणायचा, "काका, पीस चुकला." कॉम्प्युटर चुकला, असं त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. दसऱ्याला आम्ही प्रेसला झेंडूचा हार घातला, याने मॉनिटरला.

माझा डावा पाय घोट्यापासून साखरेने नेला. रबराचा बसवलाय. त्याची टाच दगडासारखी, संध्याकाळपर्यंत कंबर बोलायला लागते. याच्या मनात आलं, काकांना जाळीची टाच करू. मालकाच्या मनात आलं, माल बघायला पाहुणे येतील तेव्हा काकांना त्यांच्यासमोर चालवू. गाळ्यात मला फेऱ्या मारायला लावून याने माझी चाल मोजली. पडदा निळाशार. टाच घातली आणि खरं सांगतो, कंबर गप्प बसली.

मग एका संध्याकाळी टाच रस्त्यावर कशी चालते ते बघायला तो माझ्याबरोबर आरेच्या बसमध्ये चढला. माझा स्टॉप आला, आणि बस थांबायच्या आत मी डावा पाय टाकून उतरलो. या मुंबईत मी तरी असाच उतरत आलोय. हा पुढच्या स्टॉपवरून धावत परत आला, तोंड पांढरंफटक.

"हे रोज करता?"

"मग काय, बस थांबायची वाट बघू?"

दुसऱ्या दिवशी त्याने माझी उडी कॉम्प्युटरला शिकवली. पडद्यावर टाच लालभडक. मी म्हटलं, हे तुझं खेळणं आजवर एकदा तरी बरोबर निघालंय का रे?

"या वेळी चुकलेलंच असू दे, काका," तो म्हणाला.

काड्या जाड करायला त्याने मालकाकडे वेळ मागितला. मालक म्हणाला, पाहुणे परवा येतायत, आणि त्यांच्यासमोर काका काही बसमधून उतरणार नाहीत. मग तो माझ्याकडे आला, जाड टाच होईतोवर उडी मारू नका म्हणाला. मी म्हटलं, बघू. म्हणजे नाही.

पाहुणे आले, चहा झाला. मालक म्हणाला, चला काका. हा मध्येच आला, माझी टाच काढून घेतली आणि प्रेसमध्ये ठेवली. मालकाला वाटलं, कार्यक्रमातच असेल. याने एका काडीवर बोट ठेवून "इथून जाणार" म्हटलं, हात मागे घेतला, उडीइतका भार सांगितला. मी दाबली. कट्ट. तीच काडी, मग तिच्या शेजारणी. पीस आणि पडदा पहिल्यांदाच जुळले होते, खरं तर पेढे वाटायचे. हा मात्र घरचं कोणी गेल्यासारखा उभा. पाहुणे बिस्किटं संपवून गेले.

मी त्याला झापला. माझी टाच होती, मला विचारायचं तरी.

"तुम्ही ऐकलं नसतं."

"नसतंच ऐकलं."

"उडी सोडाल असं वाटलं असतं ना काका, तर टाच ठेवली असती."

महिन्याभरात त्याची खुर्ची रिकामी झाली. मालक म्हणतो, स्वतःहून सोडून गेला. जागेवर नवा माणूस आलाय. त्याच्या पडद्यावर सगळं निळंच असतं आणि पाहुणे खूश असतात.

मी अजून रबराच्या पायावर चालत्या बसमधून उतरतो. कुणाच्या सांगण्यावरून थांबणारा मी नव्हे. पण माझ्या उडीचं गणित मांडणारा तेवढा एकच माणूस होता. आता मागून नुसता कंडक्टर ओरडतो, आणि त्याला माझं नावही ठाऊक नाही.