पुढच्या दारची गुढी

आयर्लंडमधल्या ॲथलोनात घर घेतल्यापासून गिरीश दर पाडव्याला पुढच्या खिडकीत गुढी उभारायचा. गेल्या साली काठी शेजारच्या डेक्लननंच दिली होती. यंदा ‘देश फक्त आमचा’ म्हणणाऱ्यांचा मोर्चा निघाला, तेव्हा त्याच डेक्लननं शिडी लावून गल्लीतल्या खांबाखांबाला झेंडे बांधले. शिडीवरनं त्यानं गिरीशला नेहमीसारखा हात केला.

पाडव्याला गिरीश गुढी घेऊन परसात निघाला. गावाकडनं आलेली त्याची आई, हौसाबाई, आडवी आली.

“मागं कशापायी?”

“तिकडं ऊन असतं, आई.”

“ऊन वाळवणाला लागतं. गुढी म्होरं उभारत्यात. चोरी केलीस व्हय रं?”

“लोकं बिथरल्यात हितली.”

“मंग पासपोट कशाला घेतलास हितला?”

गुढी पुढंच लागली. गिरीश रजा टाकून पडद्याआडून रस्ता बघत बसला. डेक्लन दोनदा समोरून गेला. दोन्ही वेळा त्यानं वर बघितलं.

गुढी दिवस मावळताना उतरवतात. गिरीशनं भर दुपारीच उतरवली, पोरगी शाळेतनं यायच्या आत.

साखरगाठी सोडताना हौसाबाई म्हणाली, “त्यो शेजारी काय बोलला का तुला?”

“न्हाई.”

“मंग?”

“बोलला न्हाई, म्हणूनच.”