बदलीवाल्याचे रक्त

माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, पण अजूनही मन खाते ते असे एक प्रकरण, ज्यात शेवटी गुन्हाच दाखल झाला नाही. चीनशी लढाई होऊन गेली होती आणि मी अकोल्यात फौजदार होतो. ठाण्यात रोजचे तेच होते: सायकलचोऱ्या, जुन्या शहरातली भांडणे आणि कोर्टाच्या तारखा.

गावातल्या एका कापड गिरणीत कामगारांचे मदत मंडळ होते. अनाथाश्रमाला धान्य पोचवणे, रविवारी शाळेच्या भिंतीसाठी श्रमदान करणे, अशी कामे ते करत. माणसे चांगली होती, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे वाचून कोणीही त्यांना नावे ठेवील. त्या वर्षी मालकांनी भर सभेत रक्तदानाचे आवाहन केले. मालक समोर बसलेले असताना हात खाली कोण ठेवणार? कायम कामगारांनी झाडून हात वर केले. दवाखान्यातून निरोप आला की ज्याची पाळी असेल त्याने गिरणीची चिठ्ठी घेऊन जायचे आणि रक्त देऊन यायचे, असे ठरले.

एका दुपारी सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर माझ्याकडे आला. एरवी हा माणूस बोलला की चार घरे पलीकडे ऐकू जाई. त्या दिवशी मात्र कुजबुजत होता. दंडावर भाजल्याचा डाग असलेला एकच माणूस दर वेळी नव्या नावाची चिठ्ठी घेऊन येतो आणि रक्त देऊन जातो, असे त्याने सांगितले. त्या काळी मोठ्या शहरांत रक्त विकणारे असत आणि त्यांचे दलालही असत. आपल्या गावात टोळी शिरली, असे मी धरून चाललो. टोळी पकडली की वरिष्ठांची शाबासकी मिळते, तेव्हा संशय यायला वेळ लागत नाही.

साध्या कपड्यातला एक हवालदार दवाखान्यात बसवला. पुढची चिठ्ठी आली तसा त्याने त्या माणसाला सुई टोचण्याआधीच धरून ठाण्यात आणले. वय तिशीचे, पण दिसायला पन्नाशीचा. चेहऱ्यावर रंग म्हणून नव्हता. आमची पद्धत अशी की माणसाला आधी बाकावर ताटकळत ठेवायचे, म्हणजे तो आपसूक नरम येतो. हा बाकावरून कलंडलाच. हवालदाराने त्याला चहा पाजला, भजी खाऊ घातली, आणि मग मी जबाब घ्यायला बसलो. किती दरडावले तरी तो चिठ्ठीवरचेच नाव आपले म्हणून सांगत राहिला. दुसरे एक अक्षर बोलेना.

शेवटी त्या नावाच्या कामगाराला गिरणीतून बोलावून घेतले. तो आला तो चांगला तालमीतला गडी, छाती दारात मावेना अशी. दलाल असता तर तो हात जोडत माझ्याकडे आला असता. याने माझ्याकडे पाहिलेही नाही. सरळ त्या बाकावरच्या माणसापाशी गेला आणि विचारले, "कारे, खाल्लं काय तू काही?" तिथेच माझी टोळी मोडली.

मग दोघांकडून सगळे बाहेर आले. डागवाला हा बदलीवाला कामगार होता. बदलीवाल्याने रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे. कायम माणूस गैरहजर असला तर त्याच्या जागी काम मिळते, नाहीतर तसेच घरी परतायचे. सभेत हात वर केलेल्यांची घरी गेल्यावर गाळण उडाली होती. रक्त दिले की माणूस आतून पोकळ होतो, असे पहिलवानाच्या बायकोने त्याला शपथ घालून बजावले होते. तेव्हा त्यांनी गिरणीत जे नेहमी करत तेच केले, बदली पाठवला. तो रक्त देऊन आला की ज्याची चिठ्ठी असेल तो दोन दिवस घरी बसे, म्हणजे याला दोन पाळ्या मिळत. वर गूळ-शेंगदाणे आणि दूधही देत. यात काही गैर आहे हे कोणाच्या मनातही आले नव्हते.

मी त्याला म्हटले, अरे, जीव जाईल तुझा. तो म्हणाला, "साहेब, मानसाच्या जागी मानूस चालते. हजेरीले चालते, रातपाळीले चालते. मंग रक्ताले काहून नाई चालत?"

मग त्याने पाय धरले. त्याचे कायम होण्यासाठी नाव लागले होते. तोतयेगिरीचा गुन्हा दाखल झाला असता तर गिरणीचे दार कायमचे बंद झाले असते. डॉक्टरांनी तपासून सांगितले की आणखी एकदा रक्त काढले असते तर याला उचलूनच न्यावे लागले असते. मला त्याची फार कीव आली आणि रागही आला, पण तो कोणावर काढावा ते कळेना.

मी गिरणीच्या मॅनेजरला भेटलो. कलेक्टरसाहेबांच्या हस्ते रक्तदात्यांचा सत्कार ठरला होता, त्यामुळे बोभाट्याच्या भीतीने मॅनेजरच घाबरले होते. बोभाटा होऊ देणार नाही, पण या माणसाला कायम करा, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. डायरीत 'गुन्हा निष्पन्न होत नाही' असे लिहिले. तो महिन्याभरात कायम झाला. पहिलवानाला दवाखान्यात स्वतः जावे लागले आणि सुई पाहूनच तो आडवा झाला, असे कंपाउंडर गावभर सांगत होता. आयुष्यात एक तरी काम धड झाले, असे वाटून मी त्या रात्री पोटभर जेवलो.

पुढच्या वर्षी गिरणीचे रक्तदान पुन्हा सुरू झाले आणि तोच कंपाउंडर पुन्हा ठाण्यात आला. या वेळी त्याने आवाज लहान केला नव्हता. मी दवाखान्यात गेलो. बाकावर एक हडकुळा, अनोळखी माणूस हातात चिठ्ठी घेऊन बसला होता, आणि चिठ्ठीवर नाव होते आमच्या डागवाल्याचे.

त्याला परत पाठवून मी गिरणीच्या दारात पाळी सुटायची वाट पाहत उभा राहिलो. डागवाला बाहेर आला. अंगावर मांस चढले होते, चेहऱ्यावर तजेला होता. मी बोलायच्या आधीच त्याला सगळे कळले, पण त्याची मान खाली गेली नाही. मी विचारले, तुलाही हेच करावेसे वाटले? निदान तुला तरी माहीत होते.

"माईत हाये म्हनूनच, साहेब," तो म्हणाला. "मले दोन पाळ्या भेटत होत्या. मी त्याले तीन देल्या."

हे त्याने अभिमानाने सांगितले. पोलिसात इतकी वर्षे काढून एवढेच शिकलो की दुष्ट माणसाला पकडता येते. रीतीप्रमाणे वागणाऱ्या भल्या माणसाचे काय करावे हे कोणत्याच कायद्यात लिहिलेले नाही. मी सायकलवर टांग टाकली आणि ठाण्यात परतलो. मी परत पाठवलेल्या त्या हडकुळ्या माणसाच्या तीन पाळ्या बुडाल्या, हे मला वाटेत आठवले.